आधी कान, मग कॅमेरा

संगीतपटाची सुरुवात कशी करायची, असं डहाणू-तलासरीच्या मुलामुलींना विचारलं की उत्तर बहुतेकदा एकच येतं. ड्रोन वर चढतो. खाली भाताची खाचरं, ताडाची झाडं, मधल्या अंगणात तारप्याचा फेर. वरून तो फेर थेट भिंतीवरच्या चित्रासारखा दिसतो, आणि मग चित्रपटाचं नाव पडतं. शॉट देखणा आहे, यात वाद नाही. पण त्यात तारपा ऐकू येत नाही. ड्रोनच्या पंख्यांच्या घरघरीत दुसरं काही टिपलंच जात नाही. मग कुठून तरी मिळवलेला तारपा, बहुधा कीबोर्डच्या ठेक्यासकट, त्या चित्राखाली अंथरला जातो. पाय पडतात एका सुरावर आणि आपल्याला ऐकू येतो दुसराच. जो चित्रपट गाण्यावर उभा राहणार आहे, त्याची पहिलीच गोष्ट खोटी निघते.

ही पुस्तिका त्या पहिल्या चार मिनिटांच्या आखणीविषयी आहे. चार हा काही नियम नाही. विद्यार्थ्यांचा चित्रपट साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, त्यातली चार सुरुवातीला दिली तर पुष्कळ झाली. पण तेवढ्या वेळात प्रेक्षकाशी एक बोली ठरते. इथली माणसं बोलता बोलता गाऊ लागतील, चालता चालता नाचू लागतील, आणि तुम्ही ते मानून घ्यायचं. ही बोली नीट ठरली नाही तर दहाव्या मिनिटाला नायिका गाऊ लागल्यावर मागच्या रांगेतून हसू येतं. दोष तिच्या गळ्याचा नसतो, सुरुवातीच्या आखणीचा असतो.

अशी बोली करण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, ते नांदी आणि सूत्रधार-नटी घेऊनच. तमाशा गणाशिवाय उभा राहत नाही, गणानंतर गौळण, आणि मग वग. पण या पुस्तिकेच्या वाचकांना पुण्यापर्यंत जायचीही गरज नाही. वारली लग्नात चौक लिहितात. चित्र 'काढलं' असं म्हणत नाहीत, 'लिहिलं' म्हणतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी पालघाटदेवीचा चौक लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. त्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. चित्र आणि गाणं एकाच वेळी, एकाच अंगणात, पुढच्या सगळ्या गोष्टीला वाट करून देतं. सुरुवातीच्या प्रसंगाचं यापेक्षा नेमकं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

लगेच एक सांगतो, कारण हे वाचून कुणी तरी चौकाचंच शूटिंग ठरवील. तो चौक पूजेचा आहे. कॅमेऱ्यासाठी तो पुन्हा लिहून घेऊ नये. कुणाच्या घरच्या लग्नात घरच्यांनी आणि धवलेरीने आपणहून हो म्हटलं, तर एका कोपऱ्यात बसून टिपावा, दिवा न लावता. नाही म्हटलं तर तो विषय तिथेच सोडावा. आपल्याला घ्यायची आहे ती त्यातली रीत, की चित्र आणि आवाज एकत्र जन्माला येतात.

आता तारपा. सुका दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. तारपकरी तो एका दमात वाजवत राहतो. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्या भोवती, त्याच्या मागून सरकतात. चाल बदलायची ती तारप्याने. सूर वळला की पाय वळतात, पाठ मात्र तारप्याकडे कुणी करत नाही. एक जण काठी जमिनीवर आपटून ठेका धरतो. हा नाच बघायला उभं राहिलं तर पहिली पाच मिनिटं काहीच कळत नाही. मग हळूहळू लक्षात येतं की तारपकरीही नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतोय. पाय जड झाले की चाल सावकाश होते, पोरं तापली की तो चढवतो. दोघांतलं कोण कुणाच्या मागे चाललंय, हे मग सांगता येत नाही.

मी हे शिकलो ते एका चुकीतून. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थी-गटाबरोबर काम करताना मी आधी गाणं बांधून घेतलं. हार्मोनियमवर पट्टी ठरवली, ठेका ठरवला, मुलींनी सुरेख गायलं. मग तारपकरी बाबांना बोलावलं आणि त्यात तारपा 'भरायला' सांगितलं. त्यांनी गाणं दोनदा ऐकलं, तारपा फुंकला, थांबले. पुन्हा फुंकला. त्यांचा तारपा आमच्या पट्टीत बसत नव्हता, आणि बसायचं त्याला कारणही नव्हतं. प्रत्येक तारप्याची पट्टी त्या भोपळ्याची, त्या नळ्यांची असते. बाबा एवढंच म्हणाले, की याला बदलता नाही येत, तुमचं बदला. मी तेव्हा ऐकलं नाही. संगणकावर त्यांचा सूर ओढून आमच्या पट्टीत आणला. चित्रपट पूर्ण झाला, दाखवलाही, आणि पाड्यावरच्या माणसांनी तो शांतपणे पाहिला. पण त्या आवाजाला कुणीही तारपा म्हटलं नाही. 'तुमचा तो बाजा' म्हणाले. ती गोष्ट मला आजही बोचते. म्हणून या पुस्तिकेत गाण्याच्या बांधणीचा क्रम उलटा आहे. आधी तारपा, त्या दिवशी त्या माणसाने वाजवला तसा. मग त्याच्या पट्टीत गळा, आणि गळ्यानंतर बाकीची वाद्यं, लागलीच तर.

यातून कॅमेऱ्याच्या जागेचा प्रश्नही सुटतो. जिव्या सोमा मशे यांचा किंवा दुसऱ्या कुणाचा तारपा नाच कागदावर बघा. फेर वरून पाहिल्यासारखा गुंडाळलेला असतो, पण त्यातली माणसं बाजूने पाहिल्यासारखी उभी असतात. दोन त्रिकोणांचं अंग, काड्यांचे पाय. एकाच चित्रात आकाशातून आणि अंगणातून, दोन्हीकडून पाहिलेलं असतं. कॅमेऱ्याला एका शॉटमध्ये हे जमत नाही. ड्रोन निम्मंच चित्र देतो, आणि तेही माणसं नसलेलं निम्मं. मला विचाराल तर कॅमेरा फेरातल्या शेवटच्या माणसाच्या जागी न्यावा, जिथे फेर उघडा असतो. तिथून समोरच्याची पाठ दिसते, खांद्यावरून तारप्याचा कर्णा दिसतो, धूळ दिसते, आणि वळताना अख्खा फेर एकदा डोळ्यांपुढून जातो. ते चित्र डगमगेल. डगमगू द्यावं.

आणि नामावलीसाठी पांढऱ्या काड्यांची हलती माणसं? हा मोह मोठा आहे, कारण सोपा आहे. भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या भागात कागद घेऊन आले, सवाशिणींच्या भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. जिव्या सोमांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. त्यानंतर ती आकृती पडद्यांवर, कपांवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर गेली. इतकी, की आता ती पाहून डोळा थांबत नाही. तुमच्या गटात खरोखर चित्र लिहिणारं कुणी असेल, तर त्याचा हात दाखवा. काडी पिठात बुडते, भिंतीला लागते, पहिला ठिपका उमटतो, आणि त्याचा आवाजही येतो, अगदी बारीक, पण येतो. संगणकावरच्या तयार आकृत्या मात्र उचलू नका.

सिनेमाच्या इतिहासातल्या तीनच सुरुवाती या पुस्तिकेत तपशिलाने घेतल्या आहेत. प्रभातचा 'संत तुकाराम', 1936. दामले-फत्तेलालांनी पहिल्यांदा विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम डोळे मिटून गाताना दाखवला, आणि मग तेच पद सालोमालोच्या तोंडी, स्वतःचं म्हणून, ठसक्यात. शब्द तेच, गाण्याचा भाव पार वेगळा. एकही स्पष्टीकरण न देता अख्ख्या चित्रपटाचा संघर्ष गाण्यातूनच उभा राहिला. दुसरी, रूबेन मामूलियन यांचा 1932 चा 'लव्ह मी टुनाइट'. पहाटेचं पॅरिस, रस्त्यावर पडणारी एकाची कुदळ, कुणाचं घोरणं, झाडूची सरसर, चांभाराची हातोडी. एकेक आवाज येत जातो आणि पाहता पाहता शहरच ताल धरतं. वाद्यं त्यानंतर येतात. तिसरी, जाक देमी यांचा 'शेरबूरच्या छत्र्या', 1964. वरून पाहिलेला पाऊस आणि आडव्या-उभ्या जाणाऱ्या रंगीत छत्र्या. वरून घेतलेला शॉट कसा असावा हे शिकायचं तर तिथे शिकावं, कारण त्यात फक्त वरून दिसण्याजोगंच दाखवलं आहे.

आदिवासी जीवनावरच्या मराठी संगीतपटाचं नाव घ्यायचं तर 'जैत रे जैत' घ्यावंच लागेल. 1977, जब्बार पटेल, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, गोनीदांची कादंबरी. गाणीच तिथे कथा वाहून नेतात, आणि तो मी प्रत्येक गटाला दाखवतो. पण दाखवल्यावर एक प्रश्नही विचारतो. तो ठाकरांवरचा चित्रपट होता, बाहेरून प्रेमाने आलेल्या माणसांनी केलेला. आता कॅमेरा वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी मुलामुलींच्या हातात आहे. मग गाण्यातला पहिला शब्द कुठल्या भाषेत येणार? तलासरीच्या एका वर्गात चार-पाच बोली आणि गुजराती सहज कानावर पडते. पटकथा मात्र सगळे पुस्तकी मराठीत लिहितात, कारण पटकथा म्हणजे परीक्षेचा पेपर असं कुणी तरी त्यांना वाटायला लावलेलं असतं. माझं म्हणणं ठाम आहे: पात्र घरी ज्या बोलीत आईला हाक मारतं, त्याच बोलीत पहिली ओळ गायली जावी. ठाण्या-पुण्याच्या प्रेक्षकाला समजलं नाही तर खाली अक्षरं देता येतात.

मामूलियनच्या पॅरिससारखं इथलं काय, हा पुस्तिकेतला सगळ्यात मोठा भाग आहे, आणि तो लिहिताना मला सर्वांत आनंद झाला. चिंचणी-वरोरकडे घराघरांत डायमेकिंग चालतं. दागिन्यांच्या साच्यासाठी पोलादावर छिन्नी धरून बारीक हातोडीने नक्षी कोरतात. तो टक-टक-टकटक ठोका कान देऊन ऐका, कारागिरागणिक त्याची चाल वेगळी असते. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकू उतरवताना झेल्याची काठी फांदीला घासते, फळ जाळीत पडतं, आणि करंडीत ओतताना मऊ धबधब होते. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांची बोलणी, सुरूच्या झाडांतला वारा. तलासरीत रात्रभर महामार्गाची घरघर, अच्छाडच्या दिशेने गिअर बदलणारे ट्रक. डहाणू रोडला लोकल पोचली 2013 मध्ये, आणि पहाटेच्या गाडीसाठी धावणाऱ्या पावलांचा ताल तेव्हापासून या गावाच्या कानात आहे.

एक आवाज मात्र वेगळा आहे. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, तलासरी या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. त्या हिवाळ्यात घरं सोडून माणसं तंबूत, उघड्यावर झोपली. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुलं आज कॉलेजात आहेत, आणि 'तुमच्या आठवणीतला सर्वांत मोठा आवाज कोणता' असं विचारलं की त्यांतली कितीतरी जण तोच सांगतात. जमिनीच्या आतून, सुरुंग लावल्यासारखा. त्यानंतर भांडी हलतात, कुत्री भुंकतात, आणि मग शांतता. एका मुलाने सुचवलं होतं की चित्रपट त्या शांततेपासून सुरू करावा. काळा पडदा, काहीच नाही, आणि मग अंधारात कुणी तरी लहान बहिणीला निजवण्यासाठी गुणगुणतंय. संगीतपटाला याहून चांगलं दार मला सुचलेलं नाही.

बऱ्याच जणांना 1945 पासून सुरुवात करायची असते. वेठबिगारीविरुद्धचा उठाव, तलासरीजवळच्या झरीची सभा, 10 ऑक्टोबरला तलवाड्यात झालेला गोळीबार, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह गेलेले पाच जण. ही ओढ मला समजते. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्या कुणालाही ती वाटेल. फक्त काळ्या पाटीवर इतिहासाची वीस वाक्यं दाखवून सुरुवात करू नका. वाचणारा प्रेक्षक ऐकायचं थांबवतो. घरात आज्याकडून त्या काळचं एखादं गाणं आलेलं असेल तर ते त्याच्याच गळ्यात ठेवा, खोकल्यासकट.

थोडं हिशेबाचं. व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा घेतला आणि गाण्याची लय मिनिटाला 100 ठोक्यांची असली, तर एका ठोक्याला नेमक्या 15 फ्रेम येतात. लय 120 केली की साडेबारा, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. चार मिनिटांत 100 च्या लयीचे 400 ठोके होतात, चारचारचे 100 गट. म्हणून पुस्तिकेच्या मधल्या पानावर दहा बाय दहा घरांचा तक्ता छापला आहे. प्रत्येक घर दोन ओळींचं. वरच्या ओळीत काय ऐकू येतं ते, खालच्या ओळीत काय दिसतं ते. वरची ओळ शंभराच्या शंभर घरांत भरल्याशिवाय खालची सुरू करायची नाही, एवढा एकच नियम मी गटांकडून पाळून घेतो. तारपा अर्थात 100 वर स्थिर राहत नाही. मग तो ऐकत टेबलावर बोट आपटून त्याचे ठोके मोजायचे आणि घरांच्या लांब्या त्याप्रमाणे लिहायच्या. दुपारभराचं काम आहे, पण त्या दुपारी गाणं अंगात भिनतं.

मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनी फ्रेमचा वेग ॲपमध्ये कायम करून ठेवावा. फोन आपणहून तो कमी-जास्त करतो आणि तिसऱ्या मिनिटाला ओठ आणि शब्द यांची फारकत होते. आवाज फोनवर घेणार असाल तर आपोआप आवाज चढवणारी सोय बंद करा, नाहीतर तारपा थांबल्यावर पाठीमागचे रातकिडे अंगावर येतात. फेर टिपताना दोन रेकॉर्डर ठेवा, एक कर्ण्याजवळ, दुसरा पायांच्या उंचीवर. पायांचा ठेवायला विसरतात. नंतर हळहळतात.

आणि कॅलेंडर. पावसाळा सरताना भात तयार होऊ लागतं, तेव्हा तारपा निघतो. आता 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाला आणि एरवीच्या कार्यक्रमांतही तो वाजतो, पण शेताच्या कडेने रात्री वाजणारा तारपा ऐकायचा तर त्या दिवसांतच जावं लागतं. कॉलेजच्या परीक्षाही नेमक्या तेव्हाच येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आवाजाचं काम त्या हंगामात, परीक्षेआधीच्या दोन-तीन रात्रींत उरका. चित्रीकरण मागाहून होऊ शकतं. तारपकरी, धवलेरी, गाणाऱ्या आजी यांना मानधन आधी द्या, रोख द्या, आणि नामावलीत त्यांची नावं दिग्दर्शकाच्या आधी लावा. ती चार मिनिटं त्यांची असतात.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे केलं, त्याची आठवण मला या कामात सारखी होते. 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू झालं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, जिथे गुरं तिथेच शाळा. सिनेमाची शाळाही तशीच भरावी असं मला वाटतं. स्टुडिओ नाही, दिवे नाहीत, याची खंत करत बसायचं कारण नाही. अंगण आहे.

पुस्तिकेतला पहिला अभ्यास कॅमेऱ्याशिवायचा आहे. पहाटे उठून आपल्याच पाड्यावर दोन तास जे ऐकू येईल ते वेळेसकट वहीत लिहायचं. तलासरीकडच्या एका मुलीने मागच्या वर्षी लिहिलेलं पान मी माझ्याकडे जपून ठेवलं आहे. निळ्या पेनाने, घाईच्या अक्षरात.

4.40. ट्रक. 4.50. परत ट्रक, लांब. 5.05. कोंबडा, आमचा नाही. 5.10. आमचा. 5.20. आजी खोकते. 5.25. आई चुलीतली राख काढते, चिमट्याचा आवाज. 5.35. हापशी, कोरडी, तीन वेळा, मग पाणी. 5.40. कोणतरी गातंय पण कोण ते कळत नाही. 5.45. अजून गातंय. मावशी आहे.

पान तिथेच संपतं. खाली कोपऱ्यात तिने लिहिलं आहे: पुढचं लिहायचं राहिलं, पाणी भरायला गेले.